केरूला सांगितलंस, मला नाही

आत्या,

तुझं तेरावं परवा झालं. टँकरच्या पाण्यावर जेवढं करता येतं तेवढं केलं. लोक जेवले, आणि जाताना तुझ्याबद्दल जे बोलून गेले ते तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस. साधी होती बिचारी, म्हणाले. भोळी होती. मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते आणि मनात म्हणत होते, ह्या कोणाबद्दल बोलतायत?

तू आणि भोळी! माझ्यासाठी बांगड्या घ्यायच्या तर कासाराच्या तोंडावर तू प्रत्येक बांगडी नखानं वाजवून बघायचीस. कंडक्टरनं गाडी शेवगावला जाते म्हणून सांगितलं तरी आत बसलेल्या बाईला विचारायचीस, आणि मग पुढं जाऊन ड्रायव्हरला. मला ताप आला तेव्हा डॉक्टरनं दिलेली गोळी तू आधी स्वतः चाटून बघितलीस. "मानूस खोटंच बोलतंय आसं न्हाई," तू म्हणायचीस, "पन बोलाय लागलं तर आपल्याला कळाया पायजे."

आई गेल्यावर मला आण्णांपेक्षा तूच वाढवलंस, तेव्हा हे सगळं माझ्यात उतरलंच. म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे तर तशीच बोलते. कोणाचं खरं धरून नाही. तुझंही नाही.

केरूपासूनच सुरू करते, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे जो पडलाच नाही त्या पावसाळ्यात, कॉलेजात सरांनी वर्गात विचारलं की अमेरिकेतली काही मुलं एका सत्रासाठी नगरला येतायत, त्यातल्या एका मुलीला खेड्यातल्या घरात राहायचंय, कोणाचं घर आहे का. माझा हात वर गेला. का गेला, मला अजून माहीत नाही. शनिवारी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू चुलीपुढं होतीस.

"कशाला येतीया ती?"

"शिकायला."

"आमच्याकडं? काय हाय हितं शिकाया? हीर आटली, रान उललंय. दुष्काळ शिकाया येतीया व्हय?"

"बायका घरात काय काय कामं करतात ते तिला बघायचंय."

भाकरी थापता थापता तुझा हात थांबला. रेशनवर तेव्हा अमेरिकेची ती लाल ज्वारी मिळत होती, जिच्याकडं बघून म्हैससुद्धा विचारात पडायची. "आदी लाल मिलो धाडला," तू म्हणालीस, "आता पोरगी धाडली. मिलो तरी घशाखाली गेला का कुनाच्या?"

आण्णा ओट्यावर बसून हसले. तुला हसू आलं नाही. तू आण्णांकडं वळलीस. "गेल्या साली बांगलाच्या लढाईत ह्यांचंच जहाज आपल्या अंगावर आलं व्हतं ना रं किसन? रेडिओवर सांगत व्हते. आन आता त्यांची लेक आपल्या पडवीत झोपनार."

ती आली. उंच, मानेवर कापलेले केस, कुणीतरी पिना टोचून नेसवलेलं पातळ. नाव कॅरल. आण्णांना ते 'केरळ' ऐकू आलं, आणि तू एका क्षणात त्याचं 'केरू' करून टाकलंस. आपल्या भावकीतल्या मिशाळ केरूनानांना ते कित्येक दिवस आवडलं नाही. ती मात्र हाक मारली की लगेच 'हो' म्हणायची.

तू तिची जी उलटतपासणी घेतलीस तशी पोलिसांनीही घेतली नसती. तुझ्या आईचं नाव काय, असं पहिल्या दिवशी विचारलंस. मग चार दिवसांनी धुणं धुताना विचारलंस. मग एकदा ती अर्धवट झोपेत असताना विचारलंस. दर वेळी तिनं तेच नाव सांगितलं.

"बघितलंस?" मी म्हटलं. "खरं बोलतीय ती."

"पाठ करून आलीया," तू म्हणालीस.

गावाचा संशय वेगळा होता. ती खडी फोडायच्या कामावर बायकांसोबत जाऊन बसायची, त्यांच्या घमेल्याला हात लावायची, कोण शेवटी जेवतं, शिळं कोण खातं, असले प्रश्न विचारायची. त्यामुळं काही लोक म्हणाले, हेर आहे. ज्यांना हेर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं ते म्हणाले, बाटवायला आलीय. शेवटी हे दुसरंच टिकलं. मी तिची बाजू घेऊन भांडायचे, कारण तिला मी आणलं होतं. पण खरं सांगू? ती काही लिहीत बसली की मलाही वाटायचं, आमच्याबद्दल ही तिकडं काय सांगणार आहे? आम्हाला कुठं मांडणार आहे?

मग दिवाळी झाली, आणि काहीतरी बदललं.

मी शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. आठवड्यातून एकदा बघणाऱ्याला बदल लवकर दिसतो म्हणतात. एका शनिवारी मी दारातून आत आले आणि तुम्ही दोघी बोलायच्या थांबलात. तू आणि केरू. तू तिच्याशी बोलत होतीस हेच आधी नवल. त्यात मला बघून गप्प झालीस. "आलीस का, हातपाय धू," म्हणालीस, आणि सुपातलं धान्य उगाच एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेत राहिलीस.

पाणी आता केरू आणत होती. डोक्यावर घागर, एक हात वर, निम्मं पाणी अंगावर. बायका बघून हसायच्या. मी विचारलं तर तू म्हणालीस, "तिला शिकायचंय पानी व्हायला. आपुन कशाला न्हाई म्हना?" भाकऱ्या थापायलाही तिला बसवत होतीस. मला वाटलं, वा, आता हिची मर्जी बसली. आणि मला ते आवडलं नाही. जिच्यावर तू इतका संशय घेतलास, तिच्याशी तू माझ्यापाठीमागं काय बोलत होतीस?

त्यानंतर मी तुम्हाला नगरला पाहिलं.

बुधवार होता. मी मैत्रिणीबरोबर माळीवाड्याच्या स्टँडवरून चालले होते. शेवगावकडून आलेल्या गाडीतून केरू उतरली, आणि तिच्या हाताला धरून तू. तू, जी मला निरोप धाडल्याशिवाय कधी नगरला आली नव्हतीस. मी हाक मारणार होते. पण तू पदर डोक्यावरून इतका पुढं ओढून घेतला होतास की हाक तोंडातच राहिली. मैत्रिणीला काहीतरी सांगून मी तुमच्या मागं मागं गेले. तुम्ही रस्ता ओलांडलात, एकदा कोणाला तरी विचारलंत, आणि मिशनच्या दवाखान्याच्या फाटकातून आत गेलात. त्या आवारात दवाखाना आहे तसं चर्चही आहे. मी फाटकाशी उभी राहिले. गावातली सगळी कुजबूज माझ्या कानात एकदम सुरू झाली.

शनिवारी मी तुला विचारलं, "आत्या, बुधवारी कुठं होतीस?"

"कुठं आसनार? घरी."

तू डोळ्याला डोळा देऊन खोटं बोललीस. माझ्याशी पहिल्यांदा. निदान मला कळलेलं पहिलं.

मग मी केरूला गाठलं. ती परसात भांडी घासत होती. मी मराठीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. ती राखेनं माखलेले हात तसेच धरून उभी राहिली. "ते मी सांगू शकत नाही," म्हणाली. "आत्या सांगेल, तर सांगेल."

"तू तिला चर्चमध्ये नेलंस का?"

"नाही." आणि मग तिनं अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं की मला वाटलं ही आता रडेल. रडली नाही. परत भांडी घासायला बसली.

पुढच्या आठवड्यात आण्णांच्या कानावर आलंच. दुसऱ्या कोणीतरीही तुम्हाला पाहिलं होतं. ते घरी आले तेच तांबडेलाल होऊन. "त्या पोरीचं सामान बांधा. उद्याच्या उद्या नगरला घालवतो. अक्का, तुला बाटवाया न्हेली तिनं?"

तू चुलीपाशी होतीस. उठायला तुला वेळ लागला, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. उठून तू आण्णांपुढं उभी राहिलीस.

"तिनं मला न्हाई नेली, किसन. म्या तिला नेली. माजं काम व्हतं."

"कसलं काम?"

"बाईमानसाचं. सांगू तुला?"

आण्णा खाली बघायला लागले. या शब्दापुढं कुठल्या पुरुषाचं काय चालतं! आण्णा बाहेर गेले, आणि तू मला म्हणालीस, "बगत काय ऱ्हायलीस? पीठ मळ." तू खरं सांगितलं होतंस, आणि कोणालाच काही सांगितलं नव्हतंस. इतकं सफाईनं मी अजून कोणाला बोलताना ऐकलेलं नाही.

संक्रांतीच्या आधी केरूचं सत्र संपत आलं. एवढ्या दिवसांत काय शिकलो ते लिहून तिला नगरला तिच्या लोकांपुढं वाचायचं होतं. ती म्हणाली, "हे तुमच्याबद्दल आहे, तर तुम्ही आधी ऐका." दुपारी आपल्या अंगणात दहा-वीस बायका जमल्या, आण्णा आणि केरूनाना भिंतीला टेकून उभे. तू उंबऱ्यात बसून मूग निवडत होतीस. ती कागद घेऊन उभी राहिली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत वाचायला लागली.

"मी आली तेव्हा मला वाटलं की मी प्रश्न विचारणार. पण पहिला दिवसापासून सगळे मला विचारतात. माझी आईचं नाव मी इथे इतक्या वेळा सांगितलं की आता मला आईची फार आठवण येते."

बायका हसल्या. तू मान वर केली नाहीस.

"माझ्या देशात माझ्यावर कोणी संशय घेत नाही. तिथे मला कोणी इतकं बघत नाही. इथे मी किती भाकरी खाल्ली, कधी आजारी पडली, सगळ्यांना माहीत. पहिले मला राग आला. मी खोलीत रडली. ते पण सगळ्यांना माहीत झालं."

केरूनाना मोठ्यानं हसले.

"मी बघायला आली की घरात काम कोण करते. ते मी लिहिलं. आता वाचते तर वाटतं, हे बरोबर आहे, पण थोडं आहे. पाणी आणायला जाताना बाई मनात काय बोलते, ते मी लिहिलं नाही. एक सत्र पुरत नाही. आणि जे मला कळलं, त्यातलं एक मला इथे सांगता येत नाही."

इथं तुझा मूग निवडणारा हात थांबला. क्षणभरच. मी तिच्याकडं बघत नव्हते, तुझ्याकडं बघत होते.

मग तिनं आभार मानले. आण्णांचे मानले, माझे मानले, शेजारच्या चंद्रभागाबाईंचे मानले, आपल्या म्हशीचेसुद्धा मानले. तुझं नाव घेतलं नाही. जिच्या चुलीवरचं ती चार महिने जेवली, जिनं तिला भाकरी थापायला शिकवलं, तिचं एका शब्दानं नाव नाही. माझं डोकं भणभणलं. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून आले. तू स्टँडवर आली नाहीस. घरी येऊन मी तुझ्यावर ओरडले, "बघितलंस? एवढं केलंस तिच्यासाठी, तुझं नावसुद्धा नाही काढलं तिनं!"

"गेली नव्हं?" तू म्हणालीस. "बरं झालं. आंघुळीला लई पानी लागायचं तिला."

आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजलीस. भरदुपारी. तुला दुपारी निजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तू झपाट्यानं उतरत गेलीस. शिवरात्रीला आले तेव्हा तुझं मनगट माझ्या हातात मावत होतं. विचारलं तर पित्त म्हणालीस. परत विचारलं तर म्हातारपण म्हणालीस. पंचेचाळिशीतलं म्हातारपण! मी म्हटलं, मी राहते इथं, तर इतक्या जोरानं ओरडलीस की आण्णा बाहेरून आत आले. "परीक्षा कवा हाय तुजी? पाडव्यानंतर ना? मग जा. हितं माजं तोंड बगत बसू नको." आपलं शेवटचं बोलणं हे असं. तू मला घरातून हाकललंस, आणि मी रागानं गाडीत बसले. शिमग्याच्या आधी आण्णांचा माणूस मला न्यायला नगरला आला, तेव्हा तू गेलेली होतीस.

काल मी त्या मिशनच्या दवाखान्यात गेले, आत्या. तेरावं होईपर्यंत थांबले. फाटकातून आत गेले आणि तुझं नाव सांगितलं. एक नर्सबाई बाहेर आल्या. आपल्याच बाजूच्या, पाथर्डीकडच्या. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"तुमी शालन का? त्या बाई सारकं तुमचंच नाव घेत व्हत्या."

छातीत गाठ होती, त्यांनी सांगितलं. वर्षापासूनची, कदाचित त्याहून जास्त. तुझा हात घागर उचलायला वर जात नाही, हे केरूच्या ध्यानात आलं होतं. तिला बायकांची कामं बघायची होती, तिनं खरोखरच बघितली. कोणता हात वापरतेस, कोणता राखतेस, हे ती रोज बघत होती, आणि एक दिवस तिनं तुला विचारलं. तिच्याच आधारानं तू इथं आलीस. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, मुंबईला न्या, पण उशीर झालाय.

"म्या म्हनलं, घरचं कोन हाय संगं?" नर्सबाई सांगत होत्या. "तर त्या गोऱ्या पोरीकडं हात करून म्हनल्या, हीच घरची. म्या म्हनलं, आवो भाची हाय ना नगरात, तिला बोलवू का? तर माजा हातच धरला त्यांनी. म्हनल्या, तिला कळलं तर ती घरी यील. आन एकदा घरी आनलेली पोरगी परत शाळंत जात न्हाई. मला आशीच आनली व्हती, माजी आय आजारी पडली तवा. चौथीत व्हते. आय बरी झाली, पन मला कोनी परत धाडलं न्हाई."

मी त्या नर्सबाईंना हेच पुन्हा विचारलं. मग थोडं फिरवून पुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही.

म्हणजे माझा संशय खरा होता. तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवत होतात. केरू जाणार होती, म्हणून तू तिला सांगितलंस. तिच्या जाण्याचा दिवस ठरलेला होता आणि तिच्या पोटातली गोष्ट समुद्रापार जाणार होती. अंगणात तिनं तुझं नाव का घेतलं नाही, तेही आता समजतं. त्या मुलीला मराठीत खोटं बोलता येत नव्हतं. तुझं नाव घेतलं असतं तर पुढचं तिच्या तोंडून निघालं असतं.

मला तू चौथीतलं कधीच सांगितलं नाहीस. माझी पुस्तकं पुसून ठेवायचीस, मला वाटायचं धूळ पुसतेस.

पण आत्या, मी हे सोडणार नाही. तू माझ्या वतीनं ठरवलंस. मी आले असते, तुझं केलं असतं, आणि परत गेले असते. तुला हे खरं वाटलं नाही. डॉक्टरची गोळी चाटून बघणारी तू, मला मात्र चाटूनसुद्धा बघितलं नाहीस, आधीच कच्ची ठरवलंस. आणि शेवटचे महिने कोणी पाठीला तेल लावायचं, कोणी कुशीवर वळवायचं, ते सगळं एकटीनं काढलंस. आण्णांना काय जमलं असेल? रात्री कण्हायचीस का? कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर घालायचीस का? हे मला आता कोणाला विचारता येणार नाही. केरूलासुद्धा नाही. तेव्हा ती गेली होती.

कधी वाटतं, परीक्षेचं नुसतं निमित्त होतं. तू कोणाकडून काही करून घेतलं नव्हतंस, आणि मरतानाही तुला ते नको होतं. तसं असेल तर तसं. पण मग माझं नाव पुढं का केलंस? आणि नसेल तसं, खरंच माझ्यासाठीच केलं असशील, तर एवढं मोठं ओझं मी कुठं ठेवू? आभार मानावेत असं वाटतं आणि लगेच राग येतो. राग आला की तुझा तो वर न जाणारा हात दिसतो.

काल संध्याकाळी मी नगरहून परत घरी आले. आण्णा ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. आता ऱ्हा. घराला बाईमानूस पायजे. परीक्षा काय, पुढल्या साली दी."

मला वाटलं होतं मी रडेन. पण मी उभ्या उभ्याच म्हटलं, "आण्णा, मी सोमवारी जाणार. शनिवारी येईन."

"घर कोन बगनार?"

"तुम्ही बघा. तोपर्यंत."

आण्णांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. "ह्ये तुला कोनी शिकवलं? त्या केरूनं?"

"नाही. आत्यानं."

मग मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गाठ, दवाखाना, चौथी. चौथीचं ऐकताना आण्णांनी डोळे मिटून घेतले. ते तेव्हा लहान होते, पण त्यांना आठवत होतं. तुझी पाटी त्यांना मिळाली होती म्हणे. मग म्हणाले, "मला बी न्हाई सांगितलं गं तिनं," आणि उठून आत गेले. आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला. चूल काही पेटेना. मी उठून गेले नाही. बसून राहिले. शेवटी धूर झाला, आण्णा खोकले, आणि खोकता खोकता म्हणाले, "पिठात पानी किती घालत्यात गं?"

त्यांच्या भाकरीचे तीन तुकडे झाले. आम्ही ते खाल्ले.

उद्या रविवार. तुझी लुगडी मी चंद्रभागाबाईंना देणार आहे, दोन माझ्याजवळ ठेवणार आहे. परवा पहाटे आण्णा मला गाडीपर्यंत सोडायला येणार आहेत, स्वतःच म्हणाले. पुढच्या शनिवारी मी परत घरी येईन. आणि सोमवारी परत जाईन.